मशीन बंद आहे, उद्या या!

तुमच्या ऑफिसातला किमान एक तरी जण जर्मनीला ऑनसाइट जाऊन आलेला असणार. म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफर्ट, कुठेही. त्याला तिथल्या बीअरबद्दल विचारा, दोन मिनिटं बोलेल. बाटलीबद्दल विचारा, अर्धा तास बोलेल. शनिवारची सकाळ, पाठीवर सॅक, दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत आठवडाभराच्या रिकाम्या बाटल्या आणि कॅन, आणि सुपरमार्केटच्या भिंतीतल्या एका गोल भोकासमोर लागलेली रांग. बाटली भोकात टाकायची, आत गरगर, मग कडकड, शेवटी बटण दाबलं की पावती. ‘तिकडे भंगारवाल्याचं काम मीच करायचो,’ असं तो हसत हसत सांगतो. पण पावतीवरचा आकडा मात्र त्याला बरोबर आठवत असतो.

या प्रकाराला जर्मनीत ‘फांड’ म्हणतात. साध्या मराठीत डिपॉझिट. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली असो की कॅन, प्रत्येकावर २५ सेंट, म्हणजे आजच्या भावानं पंचवीसेक रुपये, वर द्यायचे. रिकामी परत केली की पैसे परत. पुन्हा पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांचा हिशेब वेगळा. त्यात बीअरच्या बाटलीला बहुधा ८ सेंट आणि मिनरल वॉटरच्या बाटलीला १५. डिपॉझिटवाल्या एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनपैकी साधारण ९८ टक्के परत येतात, असं तिथं सांगितलं जातं. शंभरातल्या फक्त दोन गायब! आपल्याकडे लग्नाच्या हॉलमधून शंभरातले दोनच चमचे गायब झाले, तर केटरर पेढे वाटेल.

यावर आपली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘अरे, जर्मन लोक शिस्तीचेच. आपल्याकडे नाही बाबा चालायचं.’

थांबा जरा. ज्याचे पैसे अडकलेत, तो बाटली परत आणतोच. त्यासाठी जर्मन असावं लागत नाही. सोडावॉटर आणि कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटल्या घरी न्यायच्या तर वाण्याकडे पैसे ठेवायचे आणि बाटली दिली की सोडवून घ्यायचे, हे तुमच्या आईबाबांनी केलेलं आहे. शिस्त शिकवायला कुणी आलं नव्हतं.

खरी अडचण काऊंटरच्या पलीकडे असते. बाटली परत घेणाऱ्याची दुकानातली जागा जाते. एक माणूस त्यात अडकतो. तळाला उरलेली बीअर फरशीवर सांडते, चिकचिक होते, माश्या येतात. शिवाय तोच माणूस काही विकत घेईल याची गॅरंटी नाही. त्यामुळे दुकानदाराच्या तोंडात सगळ्यात सोपा शब्द असतो, ‘नाही’. डिपॉझिटची योजना गिऱ्हाइकाच्या संस्कारांवर चालत नाही, दुकानदाराला ते ‘नाही’ कितीला पडतं यावर चालते. आजचा फंडा एवढाच.

दुकानदारांनी कोर्ट गाठलं

आणि जर्मन दुकानदार काही जन्मतः साधुसंत नाहीत. त्यांनी या योजनेला जेवढा विरोध केला, तेवढा आपल्या व्यापाऱ्यांनीही क्वचितच कशाला केला असेल.

गोष्ट सुरू होते १९९१ साली. क्लाऊस ट्योप्फर तेव्हा पर्यावरणमंत्री होते. पॅकेजिंगचा नवा नियम आला, त्यात एक अट होती. बाजारात पुन्हा भरायच्या बाटल्यांचं प्रमाण ७२ टक्क्यांच्या खाली गेलं, तर एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर सक्तीचं डिपॉझिट लागेल. थोडक्यात, ‘नीट वागलात तर काही करणार नाही.’ १९९७ साली प्रमाण ७२ च्या खाली गेलं. आता करणं भाग होतं. ते करायची वेळ आली ग्रीन पक्षाच्या युर्गेन ट्रिटीन या मंत्र्यांवर. पेय कंपन्या आणि दुकानांच्या साखळ्या कोर्टात गेल्या, थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत. तिथं काही जमलं नाही, आणि १ जानेवारी २००३ ला बीअर, मिनरल वॉटर आणि सोडा घातलेली कोल्ड्रिंक्स यांवर डिपॉझिट लागू झालं.

पण तोपर्यंत दुकानांनी काय तयारी केली होती? जवळपास शून्य. आपण कोर्टात जिंकू, अशीच आशा धरून सगळे बसलेले. त्यामुळे २००३ चे पहिले काही महिने नुसता गोंधळ. बाटली जिथं घेतली तिथंच परत द्यायची, तीही पावती किंवा टोकन दाखवून. स्टेशनवर कॅन घेतला आणि घराजवळ उतरलात, की डिपॉझिटवर पाणी सोडा. पुष्कळ दुकानांनी तर कॅन शेल्फवरूनच काढून टाकले.

पुढचा डाव आणखी हुशारीचा होता. कायद्यात एक पळवाट होती, की दुकानानं आपण विकतो त्याच प्रकारच्या बाटल्या परत घ्यायच्या. मग स्वस्त सुपरमार्केटच्या साखळ्यांनी आपापल्या खास आकाराच्या बाटल्या बनवून घेतल्या. हिचा गळा वेगळा, तिचं पोट वेगळं. आल्डीची बाटली आल्डीत, लिडलची लिडलमध्ये, बाकी कुणाची आली तर सॉरी. जर्मन लोक याला ‘बेटं’ म्हणू लागले. प्रत्येक साखळी आपलं एक बेट करून बसली.

हे फक्त त्रास वाचवण्यासाठी होतं असं समजू नका. जी बाटली परत येत नाही, तिचे २५ सेंट ज्यानं मुळात वसूल केले त्याच्याच गल्ल्यात राहतात. स्वतःच्या ब्रँडचं पाणी विकणाऱ्या साखळीच्या बाबतीत म्हणजे तिच्याच. परत करणं जेवढं किचकट, तेवढी कमाई जास्त. म्हणजे ‘नाही’ म्हणायला दंड तर नव्हताच, उलट बक्षीस होतं.

ही बेटं बुडायला तीन वर्षं लागली. २००५ साली नियम बदलला आणि १ मे २००६ पासून सोपा हिशेब सुरू झाला. प्लॅस्टिकची बाटली विकतोस? मग कुठल्याही ब्रँडची, कुठल्याही आकाराची, डिपॉझिटवाली प्लॅस्टिकची बाटली परत घे. कॅन विकतोस? कुठलाही कॅन घे. डिपॉझिट सगळीकडे सारखं, २५ सेंट. दुकानं आणि पेय कंपन्या यांच्या संघटनांनी मिळून डीपीजी नावाची कंपनी काढली, बाटलीवर खास शाईतली एकच खूण आली, आणि हिशेब आपसात फिटू लागले. तुम्ही अमुक दुकानात घेतलेली बाटली तमुक दुकानात दिलीत, तर त्या तमुकला बाटली भरणाऱ्या कंपनीकडून २५ सेंट मिळतात, आणि वर बाटलीचं प्लॅस्टिक किंवा कॅनचं ॲल्युमिनियम विकायलाही मिळतं. ज्यांनी कोर्ट गाठलं होतं, त्यांनीच पुढे ही यंत्रणा उभी केली. कारण पळायला जागा उरली नव्हती.

बहाणे आणि उत्तरं

कायदा चांगला की वाईट हे त्याच्या भाषणांवरून कळत नाही. काऊंटरवरच्या माणसाच्या प्रत्येक बहाण्याला त्यात उत्तर आहे की नाही, हे पाहायचं. जर्मनीतली यादी बघा.

‘आम्ही हा ब्रँड विकत नाही.’ चालणार नाही. मटेरियल विकता ना? घ्या.

‘बाटली चेपलीय.’ चालणार नाही. डिपॉझिटची खूण वाचता येत असेल तर पैसे द्यायचे. मशीननं बाटली थुंकून टाकली, तर माणसानं हातात घेऊन बघायची.

‘मशीन बंद आहे, उद्या या.’ हा तर आंतरराष्ट्रीय बहाणा. हाही चालणार नाही. मशीन ही दुकानदाराची सोय आहे. ते बंद असेल तर हातानं मोजून घ्यायचं.

‘ही पावती कालची आहे, आजचीच चालते.’ मशीनमधून निघालेली पावती म्हणजे उधारीच आहे, फक्त या वेळी दुकानदार देणेकरी. सर्वसाधारण कायद्यानुसार अशी मागणी तीन वर्षं टिकते, आणि ती वर्षंही पावतीचं साल संपल्यावर मोजायची.

‘आमचं दुकान लहान आहे.’ इथं मात्र कायदा थांबतो आणि ऐकून घेतो. २०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २,१५० चौरस फुटांपेक्षा लहान दुकानानं फक्त आपण विकतो त्याच ब्रँडच्या बाटल्या घ्यायच्या. स्टेशनवरच्या टपरीवाल्याच्या गळ्यात अख्ख्या शहराच्या बाटल्या पडत नाहीत. पण ‘आम्ही लहान, म्हणून आम्हाला काहीच नको’ असंही म्हणता येत नाही.

पुढे एकेक भोक बुजवत गेले. २०१९ पासून शेल्फवर मोठ्या अक्षरात लिहावं लागतं, की हे पेय एकदाच वापरायच्या बाटलीतलं की पुन्हा भरायच्या. २०२२ पासून जवळजवळ सगळ्याच एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि सगळे कॅन योजनेत आले. त्याआधी ज्यूसच्या बाटलीला डिपॉझिट नाही आणि त्याच ज्यूसमध्ये सोडा घातला की आहे, अशी गंमत होती. २०२४ पासून प्लॅस्टिकच्या बाटलीतलं दूधही आलं. आणि २०२३ साली युरोपियन न्यायालयानं सांगितलं, की डिपॉझिट किमतीत मिसळायचं नाही, शेजारी वेगळं दाखवायचं. गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे, की एवढे पैसे मालाचे आणि एवढे माझेच, तुझ्याकडे ठेवलेले.

पण पकडणार कोण?

इथं कुठलाही सरकारी फंडा घसरतो. जर्मन पॅकेजिंग कायद्यात डिपॉझिटचे नियम मोडणाऱ्याला एक लाख युरोपर्यंत दंडाची तरतूद आली. वाचून धडकी भरते. पण दंड ठोकायचा कुणी? राज्यांच्या आणि शहरांच्या स्थानिक कार्यालयांनी. त्यांच्याकडे पार्किंगपासून गोंगाटापर्यंत हजार कामं. एका बाटलीच्या २५ सेंटसाठी इन्स्पेक्टर कोण पाठवणार?

म्हणून तिथं दुसरा रस्ता चालतो. डॉईचे उमवेल्टहिल्फे नावाची एक पर्यावरण संघटना आहे. तिचे लोक साधे गिऱ्हाईक म्हणून दुकानात जातात, बाटली घेतात, बाटली परत करून बघतात, शेल्फवरची पाटी वाचतात. बर्लिनमध्ये रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी छोटी दुकानं असतात, ‘श्पेटी’ म्हणतात त्यांना. बाहेरून आणलेले, डिपॉझिट न लावलेले कॅन तिथं विकले जातात, अशी जुनी तक्रार आहे. गडबड सापडली, की संघटना थेट दुकानाला वकिलाची नोटीस धाडते. चूक थांबवा, पुन्हा करणार नाही असं लिहून द्या, आणि पुन्हा केलीत तर अमुक इतके पैसे भरा. नाही ऐकलं तर कोर्ट. यामागे पॅकेजिंगचा कायदा नसतो, अनुचित स्पर्धेविरुद्धचा कायदा असतो. आणि त्याखाली शेजारचा प्रतिस्पर्धी दुकानदारही तक्रार करू शकतो.

यातली मेख लक्षात घ्या. इन्स्पेक्टरला तुमच्या २५ सेंटशी देणंघेणं नसतं. पण जो दुकानदार इमानदारीत चिकट बाटल्या मोजतोय, त्याला शेजारच्याची फुकटेगिरी रोज डोळ्यांसमोर दिसते. त्याच्या हातात कायद्याचं टोक दिलं की तोच पहारेकरी होतो. पगार नको, पेन्शन नको.

उलट बाजूही सांगायला हवी. या व्यवस्थेला चुना लावणारे गिऱ्हाईकच असतात असंही नाही. कोलोनमध्ये एका पेयविक्रेत्यानं बाटल्या घेण्याच्या मशीनमध्ये असा फेरफार केला, की बाटली आत चेपलीच जायची नाही. मग एकच बाटली त्यानं १,७७,४५१ वेळा फिरवली आणि ४४ हजार युरोंहून जास्त कमावले. २०१६ साली कोर्टानं त्याला दहा महिन्यांची शिक्षा दिली. म्हणूनच मशीनमधली ती कडकड महत्त्वाची. ती बाटलीला छापलेल्या नोटेसारखी रद्द करते.

आणि बर्लिनमधल्या एका सुपरमार्केटनं ३१ वर्षं काम केलेल्या कॅशिअर बाईंना २००८ साली कामावरून काढलं. आरोप काय, तर कुणाच्या तरी हरवलेल्या डिपॉझिटच्या दोन पावत्या त्यांनी स्वतःसाठी वटवल्या. एक ४८ सेंटची, एक ८२ सेंटची. एकूण एक युरो तीस सेंट. ‘एमिली’ या नावानं हा खटला देशभर गाजला, आणि २०१० साली सर्वोच्च कामगार न्यायालयानं ती बडतर्फी रद्द केली. म्हणजे दुकानांना डिपॉझिटचे पैसे क्षुल्लक वाटतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. क्षुल्लक फक्त तेव्हाच वाटतात, जेव्हा ते तुम्हाला परत द्यायचे असतात.

‘नाही’ कुणाच्या वाट्याला येतं?

तुमच्या-माझ्यासारख्याला दुकानदारानं ‘नाही’ म्हटलं तर काय होईल? चार शिव्या घालू, बाटली कचऱ्यात टाकू, निघून जाऊ. २५ सेंटनं आपलं काही अडत नाही.

अडतं ते दुसऱ्याचं. जर्मनीतल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनवर, बागेत, फुटबॉलच्या मॅचनंतर, बाटल्या गोळा करणारी माणसं दिसतात. पेन्शनवर भागत नाही असे म्हातारे, बेघर, बेकार. कचऱ्याच्या डब्यात हात घालून ते बाटल्या काढतात. म्हणून २०११ पासून तिथं एक मोहीम चालते, की बाटली डब्यात टाकू नका, डब्याशेजारी ठेवा. निदान काचेनं कुणाचा हात तरी कापू नये. या माणसाची दिवसभराची मजुरी त्याच्या पिशवीत असते. ती पिशवी घेऊन तो दुकानात येतो, आणि तिथं त्याला सांगितलं जातं, ‘मशीन बंद आहे.’ ‘एवढ्या एकदम घेत नाही.’ ‘तुमच्यामुळे गिऱ्हाइकांना वास येतो.’ दुकानदाराच्या ‘नाही’चं बिल असं सगळ्यात गरिबाच्या नावावर फाटतं.

नेमकं हेच न्यूयॉर्कमध्येही घडलं होतं. तिथं बाटलीवर ५ सेंट डिपॉझिटचा कायदा १९८२ चा. दुकानं बेघर माणसांच्या पिशव्या घ्यायला कुरकुर करत, म्हणून १९८७ साली ‘वी कॅन’ नावाचं त्यांच्यासाठीचं केंद्रच काढावं लागलं. त्या कायद्यानं दोन गोष्टी मात्र आकड्यात लिहून ठेवल्या. एक, दुकानानं सर्वसाधारणपणे एका माणसाकडून दिवसाला २४० नग घेतलेच पाहिजेत. ‘एवढ्या’ म्हणजे किती, हा वाद संपला. दोन, दुकानदाराला प्रत्येक नगामागे कंपनीकडून हाताळणीचे पैसे मिळतात. २००९ पासून साडेतीन सेंट. त्याची फरशी चिकट होते, तर त्याचा मोबदलाही त्याला मिळायला हवा. नुसता दंडुका दाखवून दुकान चालत नाही.

आणि ‘नाही’ स्वस्त ठेवलं तर काय होतं, ते कॅलिफोर्नियानं दाखवलं. तिथं बाटल्या घ्यायला वेगळी केंद्रं होती. जवळपास केंद्र नसेल, तर दुकानांपुढे दोन पर्याय. स्वतः बाटल्या घ्या, नाहीतर दिवसाला १०० डॉलर भरा. मोठ्या साखळीला १०० डॉलर म्हणजे काय? आपल्याला पार्किंगचे २० रुपये. ऑगस्ट २०१९ मध्ये रीप्लॅनेट या कंपनीनं आपली उरलेली २८४ केंद्रं एका दिवसात बंद केली. लोकांच्या घरात बाटल्यांचे ढीग, आणि दुकानं म्हणतात आमचा संबंध नाही. त्याच वर्षाअखेर राज्यानं सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीवर कारवाई सुरू केली. आरोप असा, की तिच्या ८४८ पैकी ८१ दुकानांत ना बाटल्या घेतल्या जात होत्या, ना रोजचे १०० डॉलर भरले जात होते. मागणी होती किमान ३६ लाख डॉलर दंडाची. आणि २०२२ साली राज्यानं कायदाच बदलायला घेतला. एकतर दुकानात बाटल्या घ्या, नाहीतर दुकानदारांनी एकत्र येऊन परत घ्यायची सोय उभी करा. पैसे भरून सुटका हा रस्ता बंद करायचा.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे हे सगळं नव्हतंच, असं मुळीच नाही. २३ मार्च २०१८ ची महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना आठवा. आठवतात त्या पिशव्या, आणि ५ हजार, १० हजार, २५ हजारांचे दंड. पण त्याच अधिसूचनेत पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्यांवर डिपॉझिटही होतं. मोठ्या बाटलीला १ रुपया, लहान बाटलीला २ रुपये. उत्पादक, वितरक आणि विक्रेते यांनी मिळून बाटल्या परत घ्यायची यंत्रणा उभारायची होती. २०१९ साली तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी दुधाच्या पिशवीलाही ५० पैसे डिपॉझिट लावण्याची घोषणा केली.

आता सांगा, तुम्ही वाण्याकडून तो एक रुपया कधी परत घेतलात? वाण्यानं तो कधी वेगळा मागितला? ‘सगळ्यांनी मिळून करायचं’ असं लिहिलं, की कोण करणार हे ठरलेलं असतं. कुणीच नाही. कोणत्या दुकानानं कुणाची बाटली घ्यायची, नाही घेतली तर काय, घेतली तर त्याला त्याचे पैसे किती दिवसांत आणि कुणाकडून, या प्रश्नांची उत्तरं काऊंटरपर्यंत पोचलीच नाहीत. आणि १ रुपयासाठी कुणी भांडतही नाही. त्याचं नाव डिपॉझिट होतं, पण वजन चिल्लरचं.

त्यामानानं तामिळनाडूची गोष्ट बघा. निलगिरीच्या जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्ती आणि इतर प्राणी जखमी होतात, म्हणून मद्रास हायकोर्टानं बडगा उगारला. मे २०२२ पासून तिथं दारूच्या प्रत्येक बाटलीवर १० रुपये जास्त घेतले जाऊ लागले आणि बाटली दिली की परत. बाटल्या मोठ्या प्रमाणात परत येऊ लागल्या आणि योजना इतर जिल्ह्यांत गेली. मग शिस्तीचे जर्मन कुठे गेले? तळीराम तर तळीराम, तेही बाटली परत आणतात! कारण १० रुपये आणणाऱ्याला मोठे होते, आणि दारू विकणारं दुकान एकच, सरकारी. कोर्टासमोर ते ‘आमचा ब्रँड नाही’ म्हणू शकत नव्हतं. पण तिथल्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनीही आवाज उठवलाच, की जागा नाही, माणसं नाहीत, आधीचं काम तेवढंच. तेही खरं आहे. काऊंटर एकाचा आणि घाम दुसऱ्याचा असतो.

शेजारच्या गोव्यानं २०२४ साली डिपॉझिटची योजना अधिसूचित केली. युरोपियन युनियननं तर २०२९ पर्यंत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कॅन ९० टक्के वेगळे गोळा झालेच पाहिजेत, असं ठरवून टाकलंय. हे वारं आपल्याकडे पुन्हा येणार, आणि आलं की टीव्हीवर पुन्हा तीच चर्चा होईल, ‘लोकांची मानसिकता बदलली पाहिजे.’ तेव्हा मानसिकता बाजूला ठेवा आणि तीन साधे प्रश्न विचारा.

पहिला, मी कर्वे रोडवर घेतलेली बाटली दादर स्टेशनवर परत देता येईल का? ‘जिथं घेतली तिथंच’ असं उत्तर आलं, तर ती बेटंच समजा.

दुसरा, १५० चौरस फुटांच्या वाण्याला काय मिळणार? त्याच्यावर मॉलएवढं ओझं टाकाल, तर तो पहिल्या दिवसापासून ‘नाही’ म्हणेल, आणि त्याचं चूक असणार नाही. त्याला कमी नग, जवळचं केंद्र आणि प्रत्येक नगाचे पैसे द्या. मॉलला मात्र सूट नको.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, पाठीवर पोतं घेऊन आलेल्या बाईला हे दुकान आत घेईल का? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कचरावेचकांनी १९९३ पासून संघटना बांधली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी केली. आज बाटली भंगारात विकून त्यांना काही ना काही मिळतं. उद्या त्याच बाटलीवर डिपॉझिट लागलं आणि एसी लावलेल्या दुकानाचा वॉचमन त्यांना दारातच अडवू लागला, तर आपण कचरा कमी केलेला नसेल, फक्त त्यांच्या पोत्यातला माल काढून घेतलेला असेल.

बाकी गिऱ्हाइकाचं टेन्शन घेऊ नका. रद्दीवाल्याच्या तराजूवर बारीक नजर ठेवणारी, कोथिंबिरीची काडी फुकट मागणारी माणसं आपण. बाटलीवर १० रुपये लावून बघा. कपाटामागे गेलेली बाटलीही काठीनं ओढून काढू आणि रांगेत उभे राहू. प्रश्न एवढाच आहे, की रांगेच्या टोकाला कुणीतरी हात पुढे करून उभं असेल, की पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेली पाटी लटकत असेल, ‘मशीन बंद आहे’!